यंदाच्या नाताळचा हिशेब

नोव्हेंबर संपत आला की आमच्या घरी टेबलावर दोन वह्या येतात. एक घरखर्चाची आणि दुसरी आमच्या मंडळीच्या महिला सभेची. सभेची खजिनदार मी गेली सहा वर्षं आहे. एरवी घरखर्चाच्या वहीला मी जरा टरकून असते आणि सभेच्या वहीचा मला अभिमान वाटतो. यंदा, म्हणजे २०२५ च्या नाताळला, दोन्ही वह्यांची गत सारखीच झाली आहे.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. वाशिम जिल्ह्यात कुणाच्याही घरचा सण सोयाबीनवर ठरतो. मग ते घर शेतकऱ्याचं असो, किराणा दुकानदाराचं असो, की ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं असो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत उभ्या पिकात पाणी साचलं, शेंगा काळ्या पडल्या. आमची मालेगाव तालुक्यात चार एकर शेती आहे. एरवी चोवीस-पंचवीस क्विंटल होणारं सोयाबीन यंदा नऊ क्विंटल झालं, तेही डागी. सरकारचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. पण हमीभावाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आणि डागी माल तिथे चालत नाही. आम्ही ३,९०० नं विकलं. नऊ क्विंटलवर १२,८५२ रुपयांची तूट! हा आकडा मी वहीत दोनदा गिरवला, कारण गेल्या वर्षीचा आमचा अख्खा नाताळ ११,००० रुपयांत झाला होता.

आता गंमत बघा. ज्या सोयाबीनला भाव नाही त्याचंच तेल घरात आणायला जावं तर हात पोळतो. असं कसं, हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत दरवेळी निघतो, म्हणून मी थोडी माहिती काढली. सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम १८ टक्के. बाकीची निघते पेंड. सोयाबीनचा भाव ठरतो तो बराचसा या पेंडीवर. मक्यापासून इथेनॉल काढायचे कारखाने वाढले, त्यांचा चोथा कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात स्वस्तात जाऊ लागला आणि पेंडीची मागणी घटली. दुसरीकडे तेल आपण बरंचसं बाहेरून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू. भाव काही मिळाला नाही, तेल मात्र महागलं. मग ३० मे २०२५ ला ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं. म्हणजे शेतकऱ्याची बायको दोन्हीकडून भरडली गेली, विकताना आणि तळताना.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला, त्याचं काय? झाला, नाही कसा! बिस्किटं, चॉकलेट, केक १८ टक्क्यांवरून ५ वर आले. तूप, लोणी, सुकामेवा १२ वरून ५ वर आला. साबण, शाम्पूही उतरले. पण आमच्या वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. अगदी तुमच्या दिवाळीसारखाच. त्याला लागतं पाकीटबंद मैदा, साखर, तेल. या तिन्हींवर आधीही ५ टक्के होते, आताही ५ आहेत. थोडक्यात, बेकरीतला केक स्वस्त झाला, घरची करंजी होती तिथेच राहिली. ज्यानं कुणी ही यादी केली त्यानं करंजी कधी तळली नसावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर घरचा हिशेब मी असा बसवला. नवे कपडे फक्त धाकटीला, कारण तिला जुना फ्रॉक खरंच होत नाही. थोरला कॉलेजात आहे, तो स्वतःच नको म्हणाला. बेकरीचा केक बंद, कुकरमध्ये वाळू घालून घरीच करायचा. तारा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा. सगळ्यांत मोठी बचत झाली ती फराळात. तळणात पैसा जातो तो करंजीत नाही, कढईत उरलेल्या तेलात जातो. प्रत्येक घरी दीड-दोन किलो तेल कढईत ओतायचं आणि अर्धं काळं करून बाजूला ठेवायचं. यंदा आम्ही चार घरांनी एकाच अंगणात, एकाच कढईत तळायचं ठरवलं. आधी शंकरपाळे, मग करंज्या, शेवटी चकल्या, म्हणजे तिखटमिठाचा वास गोडाला लागत नाही. तीन हजारांचा फराळ सतराशेत बसला. घरखर्च साडेचार हजार आणि देण्यासाठी दोन हजार, एकूण साडेसहा.

देण्याचे दोन हजार मी आधी लिहिले होते, हे सांगायला हवं. यजमान म्हणाले, "अगं, यंदा आपल्यालाच कुणी द्यायची वेळ आली आहे. दान पुढच्या वर्षी करू." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात पीक बुडालं त्या घरानं हात आखडता घेतला तर त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. पण दान उरलेल्यातून द्यायचं ठरवलं तर आमच्यासारख्यांकडे कधीच काही उरणार नाही, हे मला वीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं आहे.

हे शिकवलं एका लहानशा डबीनं. आमची मंडळी नाझरीन. जगभरातल्या नाझरीन मंडळ्यांत १९४९ पासून 'अलाबास्टर' नावाचं दान चालतं. बायबलमधल्या एका बाईनं येशूसाठी सुगंधी तेलाची अलाबास्त्र कुपी फोडली, त्या गोष्टीवरून हे नाव. घरात एक छोटी डबी ठेवायची. एखादी हौस टाळली की ते पैसे त्यात टाकायचे. भेळ नाही खाल्ली, टाका वीस रुपये. रिक्षाऐवजी पायी आलात, टाका दहा. वर्षातून दोनदा डब्या गोळा करतात आणि त्यातून ठिकठिकाणी चर्च, शाळा, दवाखाने यांच्या जागा आणि इमारती होतात. कुणाही एकीच्या डबीत फार नसतं, पण ते पैसे आधीच बाजूला पडलेले असतात.

वाशिमकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी आपल्या गावात रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. त्या काळात आपल्याकडे बाईमाणसाला डॉक्टर दाखवणंच दुर्मीळ होतं. त्या दोन वर्षं आधी भारतात आल्या होत्या आणि चार दशकं इथं राहिल्या. त्या काळी अमेरिकेतल्या नाझरीन बायका घरच्या जुन्या चादरी धुऊन, फाडून, बँडेजच्या गुंडाळ्या करून मिशनच्या दवाखान्यांना पेट्या भरभरून पाठवत. जुनीच चादर, पण दवाखान्याला जे लागतं त्या रूपात.

याच्या अगदी उलट चित्र मी टीव्हीवर पाहिलं ते २००४ मध्ये. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली. तामिळनाडूतल्या नागपट्टिणमकडे देशभरातून मदत गेली. त्यात जुन्या कपड्यांचे इतके ढीग होते की ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळी बायकांनी दुसऱ्यांचे वापरलेले कपडे घ्यायला नकार दिला. तेव्हा मला राग आला होता, माज बघा म्हणून. आज तसं वाटत नाही. का, ते सांगते.

२०२३ च्या डिसेंबरात मी आणि काही जणींनी आमच्या वस्तीत किट वाटले. तेल, डाळ, साखर, पोहे, एक चादर. मागे बॅनर, पुढे रांग, आणि प्रत्येकीचा किट घेतानाचा फोटो. फोटो काढायची कल्पना माझीच. देणगीदारांना दाखवायला लागतात, असं कारण मी दिलं होतं. खरं कारण थोडं वेगळं होतं, मला स्टेटसला ठेवायचे होते. त्यातली एक बाई आमच्याच बचत गटातली. तिच्या नवऱ्याचं दोन महिन्यांपूर्वी काम सुटलं होतं. तिच्या मुलीच्या वर्गातल्या कुणीतरी तो फोटो पाहिला आणि शाळेत विषय झाला. ती बाई त्यानंतर चार महिने गटाच्या बैठकीला आली नाही, हप्ता मुलाच्या हाती पाठवायची. शेवटी मीच घरी गेले. तिनं चहा केला, काही बोलली नाही. निघताना दारात म्हणाली, "ताई, तेल पंधरा दिवसात सरलं. फोटो अजून हाय."

त्या दिवसापासून माझ्या देण्यात फोटो नाही. पण नुसता फोटो बंद केला की झालं, असंही नाही, हे यंदाच्या सभेत कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर महिला सभा बसली. मी तयारीनिशी गेले होते. दरवर्षी नाताळला मंडप, साउंड, लायटिंग, मुलांची खाऊची पाकिटं आणि २५ तारखेचं प्रीतिभोजन, असा सगळा खर्च. मी मांडलं की यंदा प्रीतिभोजन रद्द करावं, चौदा हजार वाचतील, त्यातून अडचणीतल्या घरांना मदत करावी. मला वाटलं, टाळ्या पडतील. कोपऱ्यातून एक मावशी उठल्या. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "जेवन बंद नोका करू बाई. पंगतीत बसलं का कोन देते अन् कोन घेते ते समजत नाही. किट हातात घेतला का साऱ्या गावाले समजते. बंद करायचं तर तो भोंगा बंद करा."

सगळ्या हसल्या. मी मात्र वहीत बघत बसले. सहा वर्षं मी प्रीतिभोजन 'कार्यक्रम' या सदरात लिहीत होते आणि किट 'दान' या सदरात. ज्या पंगतीत पीक बुडालेला आणि दुकान चालणारा शेजारी शेजारी बसून एकच वरण जेवतात, तिला मी खर्च समजत होते. साउंड आणि मंडप रद्द झाले, लायटिंग रद्द झालं. चर्चच्या आवारात सतरंज्या टाकून बसायचं. जेवण होणार.

मदतीचा प्रश्न तरीही उरलाच. त्यासाठी आमच्याकडे पैशांआधी धान्य होतं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून बचत गटातल्या बावीस घरांनी मुठीचा डबा सुरू केला होता. स्वयंपाकाला जे धान्य काढू त्यातली एक मूठ डब्यात. मिझोरममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून असा मूठभर तांदूळ बाजूला काढतात. आणि परकं कशाला, आपल्या पवनारच्या विनोबांनी घरोघरी सर्वोदय पात्र ठेवायला सांगितलंच होतं, घरातल्या लहान मुलाच्या मुठीनं रोज धान्य टाकायचं. मी माझी मूठ वजनकाट्यावर मोजली, ४५ ग्रॅम भरली. १० डिसेंबरपर्यंत १३२ दिवस झाले, म्हणजे घरटी सहा किलोच्या आसपास. काही घरं मधेच विसरली (एक माझंही, आठवडाभर). गहू, ज्वारी, तांदूळ मिळून ११८ किलो जमलं.

आता हे द्यायचं कुणाला? मी पटकन म्हणाले, सगळ्यांत गरीब घरांना. गटातल्या एकीनं विचारलं, "त्यांच्याकडे धान्य नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि खरंच, अंत्योदयच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य गटातल्यांना माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. त्या घरांत धान्य असतं, ते शिजवायला तेल नसतं, सोबत डाळ नसते. मग अडचण आहे कुणाची? केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याची. आपला वाशिम हा शेतकरी आत्महत्यांच्या त्या चौदा जिल्ह्यांतला. तिथल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोनं. २०२३ मध्ये ते थांबवून त्याऐवजी खात्यात पैसे द्यायचं ठरलं. माणशी महिना १५० रुपये, पुढे १७०. पाच जणांच्या घराला ८५० रुपये. कागदावर हिशेब बरा दिसतो. पण धान्याचं पोतं घरात येत होतं तेव्हा ते चुलीपर्यंतच जात होतं, खात्यातल्या पैशाला वाटेत कर्जाचा हप्ता भेटतो, फवारणीची उधारी भेटते. आणि खातं बहुधा घरधन्याच्या हातात. शिवाय पाच एकरांची मालकीण धान्य मागायला कुणाच्या दारात जाणार? ती तर गेल्या वर्षीपर्यंत देणारी होती.

असं बसून बोलल्यावर वाटणी बदलली. धान्य गेलं ते सहा केशरी कार्डवाल्या घरांत, संध्याकाळी, एकेकीच्या स्कुटीवरून. अंत्योदयच्या दोन घरांसाठी तेल आणि तुरीची डाळ घेतली. एका मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिचा चष्मा झाला. माझ्या घरचे दोन हजार मी एका कुटुंबाच्या किराणा उधारीत जमा केले, नाव न सांगता. दुकानदाराला अर्थातच कळलं, आणि त्याच्या बायकोलाही कळलं असणार. अगदी गुपचूप देणं छोट्या गावात जमत नाही, तेवढं मान्य करते.

आणखी एक अवघड गोष्ट बोलून टाकते. ख्रिस्ती बाई दुसऱ्या धर्माच्या घरी धान्य घेऊन गेली की हल्ली काहींच्या कपाळावर आठी येते. मला तोंडावर कुणी बोललं नाही, पण आठी दिसते. म्हणून मुठीचं धान्य आम्ही मंडळीच्या नावानं नाही, गटाच्या नावानंच दिलं. गटात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या आहेत आणि मुठी सगळ्यांच्या होत्या. पिशवीत धान्याशिवाय काही नव्हतं, ना पत्रक ना वचनाचं कार्ड. मला यात माझ्या श्रद्धेशी तडजोड केल्यासारखं वाटत नाही. भुकेल्याला वाढताना आपलं नाव मधे आणू नये, असंच मला घरी शिकवलं होतं.

डिसेंबरात मोबाइलवर मदतीची आवाहनं येतात, क्यूआर कोडसकट. रडणाऱ्या बाळाचा फोटो पाहून लगेच पैसे पाठवू नका. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंदणी असते, नोंदणी क्रमांक पावतीवर असतो, तो मागा. आयकरात ८०-जी ची सवलत फक्त जुनी करपद्धत घेणाऱ्यांना आहे, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर तिलाही नाही. दोनशे-पाचशे देणाऱ्यांना करसवलतीचं काय म्हणून पावती सोडू नका.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी बी.ए.ला असताना पहिल्यांदा वाचली. ना. वा. टिळक सढळ हातानं देऊन मोकळे होत आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. तेव्हा मला टिळक थोर वाटले होते. आता पुस्तक पुन्हा काढलं की माझी नजर लक्ष्मीबाईंच्या डब्यांकडे जाते. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक करून पुन्हा पाहुण्याला पान वाढणाऱ्या बाईचं दान कुणी मोजलं का?

परवा त्या गटातल्या मैत्रिणीकडे, फोटोवालीकडे, गेले होते. २५ तारखेला जेवायला ये म्हणाले. म्हणाली, "जेवाले नाही, वाढाले येतो. वांगे चिरायचे असतील तर सकाळीच येतो." दीडशे पान धरलं आहे. तांदूळ आले, डाळ आली, वांगी शेतातून येणार आहेत. बुंदीसाठी तेलाचा एक डबा तेवढा अजून बाकी आहे. येत्या रविवारी सभेत तो विषय पहिला घेणार आहे.